व्यालेली कुत्री पिल्लांना पाजत नाही: तपासण्यांचा क्रम आणि थांबण्याची वेळ

लक्षणे

कुत्री पाजत नाही ही तक्रार अनेक रूपांत पुढे येते. ती पिल्लांजवळ जाते, त्यांना हुंगते, पण आडवी होत नाही. आडवी झालीच तर पिल्ले आचळाला लागताक्षणी उठते किंवा गुरगुरते. उभ्याउभ्याच पाजते आणि मिनिटभरात अंग काढून निघून जाते. पिल्ले तोंडात धरून जिन्याखाली, दिवाणाखाली, कधी बंद पडलेल्या मोटारीखाली नेऊन ठेवते. इतर सर्वांना घेते, पण एकाच पिल्लाला नाकाने दूर लोटते. पिल्लांकडे पाहिले तर ती सतत किरकिरतात, अंथरूणभर तोंड फिरवत राहतात, लुचूनही शांत होत नाहीत आणि त्यांची पोटे चपटी दिसतात. किंवा ती अजिबात आवाज करत नाहीत आणि हाताला गार लागतात, आणि ही स्थिती किरकिरीपेक्षा कितीतरी वाईट असते.

पुण्यातील सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये व्यालेल्या भटक्या कुत्र्या आणि ओळखीच्या घरांतील पाळीव कुत्र्या यांच्या वेतांची देखभाल मी गेली अनेक वर्षे करत आले आहे, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी यांपैकी एखादे लक्षण ऐकूनच मला बोलावणे आलेले असते. बोलावणारे सहसा आईला दोष देत असतात. माझे मत वेगळे आहे. पहिल्या तीन आठवड्यांत कुत्रीने नकार दिला तर तिच्या शरीरात किंवा तिच्या जागेत काहीतरी अडचण असते, तर त्यानंतर हळूहळू वाढत जाणारा नकार हा तिच्या आईपणाचाच भाग असतो. म्हणून खालील तपासण्या मी ज्या क्रमाने करते त्याच क्रमाने दिल्या आहेत: आधी फुकटच्या, मग थोड्या खर्चाच्या आणि शेवटी डॉक्टरांच्या हातातल्या.

एक अपवाद मात्र आधीच सांगायला हवा. कुत्री धापा टाकत अस्वस्थपणे फिरत असेल, पाय ताठ टाकत असेल, तिचे स्नायू थरथरत असतील, लाळ गळत असेल किंवा झटके येत असतील, तर पुढचे वाचत बसू नये. रक्तातील कॅल्शियम एकाएकी घटल्याने हे होते. व्याल्यानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत, विशेषतः लहान चणीच्या आणि पुष्कळ पिल्ले झालेल्या कुत्र्यांत ते अधिक आढळते. पिल्ले ताबडतोब बाजूला घ्यावीत आणि कुत्रीला दवाखान्यात न्यावे, कारण यावर शिरेवाटे कॅल्शियम द्यावे लागते आणि तेही हृदयाचे ठोके ऐकत, सावकाश. झटके येत असताना तोंडात औषध ओतले तर ते श्वासनलिकेत जाते. गाभण कुत्रीला मनाने कॅल्शियमचे सिरप चालू करण्याची पद्धत आपल्याकडे फार रूढ आहे. त्याने हा धोका कमी होण्याऐवजी वाढतो, कारण बाहेरून आयता पुरवठा झाल्यावर हाडांतून कॅल्शियम मोकळे करण्याची शरीराची स्वतःची यंत्रणा मंदावते.

पहिली तपासणी: पिल्लांचे वय

याला एक पैसाही लागत नाही, आणि अर्ध्या तक्रारी इथेच उलगडतात. जन्मतारीख ठाऊक नसेल तर पिल्लांकडे पाहून अंदाज बांधता येतो. डोळे मिटलेले असतील तर वय दोन आठवड्यांच्या आत आहे; डोळे साधारण दहा ते चौदा दिवसांत उघडतात. हिरड्यांतून दुधाचे दात टोचू लागले असतील तर तिसरा आठवडा संपत आला आहे. पिल्ले एकमेकांशी खेळत, लडखडत धावत असतील तर चौथा किंवा पाचवा आठवडा चालू आहे.

पहिल्या काही दिवसांत आई पिल्लांना क्वचितच सोडते, पाणी प्यायला किंवा लघवीला जाते तेवढेच. तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिच्या फेऱ्या लांबतात. चौथ्या आठवड्यापासून ती उभ्याने पाजू लागते, पाजणे मध्येच तोडते, पिल्ले चढू शकणार नाहीत अशा ठिकाणी जाऊन बसते आणि कधीकधी स्वतःचे अर्धवट पचलेले अन्न त्यांच्यासमोर ओकते. या ओकण्याने घरची माणसे घाबरतात, पण लांडग्यांपासून चालत आलेली घन आहार देण्याची ती रीत आहे. कुत्री चपळ, खाती-पिती आणि एरवी आनंदी असेल तर त्यावर औषध शोधू नये.

मोकाट कुत्र्यांच्या बाबतीत याचे चांगले निरीक्षण झालेले आहे. आयसर कोलकाता या विज्ञान संशोधन संस्थेतील मानबी पॉल आणि अनिंदिता भद्रा यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की पिल्लांचे वय वाढते तसे आईने आपणहून पाजणे कमी होत जाते आणि पाजणे मध्येच तोडणे वाढत जाते; आई व पिल्लांमधील खरी ओढाताण सातव्या ते तेराव्या आठवड्यात होते, आणि त्याआधी नकार थोडेच असतात. याच काळात काही पिल्ले जवळच्या दुसऱ्या पाजत्या कुत्रीचे दूध चोरून पितानाही आढळली. यावरून एक व्यवहारी निष्कर्ष मी काढते: घरात ताटलीतून आयते खाणे मिळू लागलेल्या पिल्लांची आई पाचव्या आठवड्यात कंटाळली तर ते ठीक आहे, पण रस्त्यावरची कुत्री दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच अंग चोरू लागली तर ती उपाशी, आजारी किंवा भेदरलेली आहे असे समजून पुढच्या तपासण्या करायच्या.

दुसरी तपासणी: जागा आणि माणसे

पिल्ले पाहायला कोण, किती वेळा येते हे आधी विचारावे. सोसायटीतील मुले शाळेतून आली की प्रत्येक जण एक पिल्लू उचलतो, आणि संध्याकाळपर्यंत आई तिथे आडवी व्हायला तयार नसते. पहिले दोन आठवडे पाहुणे बंद, दुसरे कुत्रे दूर, आणि रोज खायला घालणाऱ्या एकाच माणसाची ये-जा एवढे केले तरी पुष्कळदा दुसऱ्या दिवशी फरक दिसतो. पहिलटकरणींच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण भीतीने आणि ताणाने पान्हा उतरत नाही, आणि पान्हा न उतरल्याने पिल्ले अधिक ओढतात, तशी ती अधिकच वैतागते.

वासाचाही विचार करावा. नवजात पिल्लू डोळ्यांनी आणि कानांनी बंद असते. आचळ ते वासाने आणि स्पर्शाने शोधते. अशा वेळी स्वच्छतेच्या हौसेने कुत्रीचे पोट सुगंधी साबणाने किंवा जंतुनाशकाने धुतले, किंवा कोपरा फिनेलने पुसला, तर पिल्ले चाचपडतात आणि आई त्यांना उचलून दुसरीकडे नेते. साध्या कोमट पाण्याने ओले केलेले फडके पुरे असते. गोचिडांची पावडर किंवा फवाराही पाजत्या कुत्रीवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, कारण तो थेट पिल्लांच्या तोंडात जातो.

तिसरी तपासणी: ऊब

क्रमात ही तिसरी असली तरी पिल्ले आठवड्याच्या आतली असतील तर आधी हीच करावी. पहिल्या आठवड्यात पिल्लाला कुडकुडून स्वतःची ऊब निर्माण करता येत नाही. त्याच्या शरीराचे तापमान ३५ ते ३६ अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि ते टिकते केवळ आई, भावंडे आणि अंथरूण यांच्यामुळे. गार पडलेल्या पिल्लाचे आतडे काम करत नाही, त्याला लुचण्याची ताकद राहत नाही, आणि अनेक आया अशा पिल्लाला आपणहून बाजूला सारतात. म्हणजे आईने टाकले म्हणून पिल्लू गार पडले असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात अनेकदा उलट क्रमाने घडलेले असते.

पुण्या-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान दहा अंशांच्या आसपास उतरते, आणि फरशी किंवा काँक्रीट अंगातील ऊब ओढून घेते. खाली पुठ्ठा, त्यावर दुहेरी गोणपाट, त्यावर जुनी चादर, आणि वाऱ्याच्या बाजूला आडोसा करावा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या जागी साधारण ३० अंश तापमान असावे. चौथ्या आठवड्यापर्यंत ते २४ अंशांपर्यंत उतरवता येते. गरम पाण्याची पिशवी नेहमी टॉवेलात गुंडाळून एका बाजूलाच ठेवावी, म्हणजे उकडल्यास पिल्लांना दूर सरकता येते. गार पिल्लाला आधी तास-दोन तास सावकाश ऊब द्यावी आणि मगच दूध द्यावे. गारठलेल्या पिल्लाला पाजलेले दूध पोटात तसेच पडून राहते किंवा उलटून फुप्फुसात जाते.

उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, नेमकी उलटी अडचण येते. पत्र्याच्या शेडखाली दुपारी आईलाच तिथे बसवत नाही. ती गार फरशी शोधते आणि लोकांना वाटते की तिने पिल्ले सोडली. पिल्ले एकमेकांपासून विखुरलेली आणि तोंड उघडून पडलेली दिसली तर सावली आणि हवा हाच उपाय असतो.

चौथी तपासणी: आईचे पाणी आणि खाणे

पाण्याचे भांडे पिल्लांच्या जागेपासून हातभर अंतरावर असावे, कारण पहिले काही दिवस ती दूर जात नाही आणि तहानलेलीच पाजत राहते. भांडे उथळ ठेवावे, म्हणजे पिल्लू त्यात पडून बुडणार नाही. दुधाचे प्रमाण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सर्वाधिक असते आणि तेव्हा तिला नेहमीच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत अन्न लागू शकते. दोन वेळच्या दूध-पोळीवर ते भागत नाही. उकडलेली कोंबडी किंवा अंडी, भात, थोडे दही, परवडत असल्यास पिल्लांसाठी मिळणारे सुके खाद्य, असे दिवसातून तीन-चार वेळा द्यावे.

घरात बाळंतिणीसाठी जे करतात ते मायेपोटी कुत्रीलाही देण्याचा मोह होतो, त्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. डिंकाच्या आणि मेथीच्या लाडवांतील तूप-गुळाने तिला जुलाब होतात, आणि लाडवांत बेदाणे किंवा मनुका असतील तर तो सरळ विषप्रयोगच ठरू शकतो, कारण द्राक्षे आणि त्यांचे सुके प्रकार कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. भरपूर जायफळ घातलेला शिराही त्यांच्यासाठी नव्हे. आजींची समजूत काढणे कधीकधी कुत्रीच्या उपचारापेक्षा अवघड जाते, पण ती काढावी.

पाचवी तपासणी: पिल्लांची नखे आणि दात

यासाठी फक्त लहान मुलांचे नेलकटर लागते. लुचताना पिल्ले पुढच्या पायांनी आईचे पोट मळतात आणि त्यांची नखे सुईसारखी असतात. पोटावर ओरखडे दिसले तर नखांची फक्त पांढरी टोके आठवड्यातून एकदा कापावीत. आचळांवर दातांच्या खुणा असतील तर पिल्ले तीन आठवड्यांपुढची आहेत, म्हणजे घन आहार सुरू करण्याची वेळ आली आहे.

सहावी तपासणी: वजनाचा काटा

स्वयंपाकघरातील डिजिटल काटा हे या कामातले सर्वांत उपयोगी साधन आहे असे माझे ठाम मत आहे. पिल्लू किरकिरते की नाही यावरून फसगत होऊ शकते. वजनावरून सहसा होत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी किंचित घट चालते. त्यानंतर वजन रोज वाढले पाहिजे आणि सात ते दहा दिवसांत जन्मवजनाच्या दुप्पट व्हायला हवे. प्रत्येक पिल्लाला वेगळ्या रंगाचा सैल लोकरी धागा बांधावा किंवा अंगावरील ठिपके लिहून ठेवावेत, आणि रोज एकाच वेळी वजन करावे. सगळ्यांची वजने वाढत असतील तर आई तुमच्या डोळ्यांआड पाजते आहे आणि तिला त्रास देण्याचे कारण नाही. सगळ्यांची वजने थांबली तर दोष आईच्या दुधात किंवा प्रकृतीत आहे. एकाचेच थांबले तर त्या पिल्लाचे तोंड उघडून टाळू पाहावी. टाळू दुभंगलेली असेल तर दूध नाकातून येते आणि असे पिल्लू डॉक्टरांनीच पाहायला हवे. टाळू ठीक असेल तर त्याला दिवसातून काही वेळा मागच्या आचळांशी लावावे, कारण मागच्या जोड्यांना सहसा दूध अधिक असते आणि धष्टपुष्ट भावंडे त्या आधीच बळकावून बसतात.

सातवी तपासणी: आचळे, ताप आणि स्राव

कुत्री गुरगुरत असताना हे एकट्याने करू नये. तिच्या ओळखीच्या माणसाने डोके धरावे. प्रत्येक स्तन हळूच दाबून पाहावा. ताठरलेला पण लाल नसलेला स्तन दूध साचल्याने तसा होतो. कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने पाच-दहा मिनिटे शेकून, थोडे दूध काढून, सर्वांत जोमदार पिल्लू तिथे लावले की तो मोकळा होतो. स्तन गरम, लाल किंवा जांभळट, हात लावताच कळवळायला लावणारा असेल, किंवा दुधात रक्त, पू वा गाठी दिसत असतील, तर ती स्तनाची सूज आहे आणि तिला प्रतिजैविके लागतात. कुठलेच आचळ दाबून दूध येत नसेल, तर पान्हा उतरवणारी इंजेक्शने आणि औषधे डॉक्टरांकडे असतात. शस्त्रक्रिया करून पिल्ले काढलेल्या कुत्रीला दूध उतरायला थोडा अधिक वेळ लागू शकतो, आणि भूल पूर्ण उतरेपर्यंत ती पिल्लांना ओळखतही नाही. तोवर तिला पिल्लांसोबत एकटी सोडू नये.

साधा थर्मामीटर, टोकाला थोडी व्हॅसलीन लावून, गुदद्वारात घालून ताप मोजावा. कुत्र्यांचे सामान्य तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सियस असते. व्याल्यानंतर दिवसभर ते किंचित वाढलेले चालते, ३९.५ च्या पुढे ते टिकून राहिले तर घरचे उपाय थांबवावेत. योनीतून येणारा स्राव आरंभी हिरवट-काळसर, नंतर लालसर-तपकिरी आणि तीन-एक आठवड्यांत कमी होत जाणारा असतो. त्याला कुजका वास येत असेल तर गर्भाशयात संसर्ग झालेला असतो, किंवा वार अथवा एखादे पिल्लू आत राहिलेले असते. अशा कुत्रीला वेदना होत असतात आणि तिचा नकार त्या वेदनेतून येतो. तिला आपल्या डब्यातील पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कधीही देऊ नये; दोन्ही कुत्र्यांना घातक ठरू शकतात आणि दुधात उतरून पिल्लांपर्यंतही पोचू शकतात.

दरम्यान वरचे दूध

पहिल्या चोवीस तासांतील चीक पिल्लांना मिळालाच पाहिजे, कारण त्यातील प्रतिकारद्रव्ये आतड्यांतून रक्तात शिरण्याची मुभा तेवढ्याच काळापुरती असते. आई उभी राहत असेल तर तिला कुशीवर निजवून, डोक्यावरून हात फिरवत पिल्ले लावावीत. पुढे वरचे दूध द्यावे लागलेच तर दुकानात मिळणारी पिल्लांची दूधभुकटी वापरावी. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक प्रथिने आणि स्निग्धांश असतात आणि दुग्धशर्करा कमी असते, त्यामुळे गाई-म्हशीच्या साध्या दुधाने पिल्ले एकीकडे अर्धपोटी राहतात आणि दुसरीकडे त्यांना हगवण लागते. डब्यावर दिलेल्या वजनाच्या प्रमाणात, पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा द्यावे. पिल्लू पोटावर पालथे असावे. माणसाच्या बाळासारखे उताणे धरले की दूध फुप्फुसात जाते. पाजून झाल्यावर ओल्या कोमट कापसाने शेपटीखाली हलके पुसावे, कारण पहिले दोन-तीन आठवडे आईने चाटल्याशिवाय पिल्लांना लघवी-शी होत नाही.

चार आठवड्यांपुढचा नकार

इथे दुरुस्त करायचे ते आईला नव्हे. तिला पिल्ले पोचणार नाहीत असा एक ओटा किंवा दिवाण मोकळा करून द्यावा. एवढ्यानेच गुरगुरणे पुष्कळ घटते. पिल्लांना उथळ ताटलीत भाताची पातळ पेज, त्यात बारीक कुस्करलेली कोंबडी किंवा कोमट पाण्यात भिजवलेले पिल्लांचे खाद्य, दिवसातून चार वेळा द्यावे आणि तासभर आधी आईला फिरायला न्यावे. पहिले दोन दिवस ती ताटलीत नाचतात, मग खातात. पेज आठवड्यागणिक घट्ट करत न्यावी. सहा ते आठ आठवड्यांत दूध सुटते. जंताचे औषध पिल्लांना दोन आठवड्यांपासूनच, आईसह, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात सुरू झालेले असावे, कारण गोल जंत आईच्या गर्भाशयातून आणि दुधातूनही येतात. नाहीतर खाऊनही पोट नगाऱ्यासारखे आणि अंग हडकुळे राहते.

आईला एका दिवसात तोडून दुसरीकडे पाठवणे मला मान्य नाही. तिचे स्तन तटतटून सुजतात, आणि तिच्या गुरगुरण्यातून पिल्ले चावा आवरायला शिकत असतात ते शिक्षणही अर्धवट राहते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनीही आठ आठवड्यांखालील पिल्लांची विक्री मना केलेली आहे. पिल्ले सुटत आली की आईचे अन्न तीन-चार दिवस निम्म्यावर आणावे, पाणी मात्र तोडू नये, आणि स्तन पिळू नयेत. पिळले की दूध पुन्हा येते.

कुठे थांबावे

थरथर किंवा झटके, टिकणारा ताप, कुजका स्राव, गरम व जांभळट स्तन, दिवसभर अन्नाला तोंड न लावणे, किंवा पिल्लांवर खरोखर दात चालवणे, यांपैकी काहीही दिसले तर घरचे प्रयत्न तिथेच संपतात. पिल्लांच्या बाजूने, ऊब देऊनही न हलणारे पिल्लू, सलग दोन दिवस न वाढलेले वजन, आणि नाकातून येणारे दूध ही त्याच तोडीची कारणे आहेत. जवळचा खासगी पशुवैद्य किंवा तालुक्याचा शासकीय पशुवैद्यकीय दवाखाना नसेल, तर जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात, म्हणजे जनावरांच्या मोठ्या शासकीय दवाखान्यात, जावे. निघण्यापूर्वी फोन करून पिल्लांचे वय आणि संख्या, आईचा ताप, शेवटचे खाणे, स्रावाचा रंग आणि आजवर दिलेली प्रत्येक गोळी सांगावी, आणि वजनांची वही सोबत न्यावी. आई आणि पिल्ले एकत्रच न्यावीत, पण प्रवासात पिल्ले टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशवीशेजारी वेगळ्या खोक्यात ठेवावीत, म्हणजे वेदनेने तळमळणारी आई त्यांच्यावर पडणार नाही.